नाव लावणे आणि नाव घेणे : ‘एपिकलेओ’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थविचार

नव्या कराराच्या ग्रीक संहितेत ‘एपिकलेओ’ हे क्रियापद सुमारे तीस वेळा आले आहे. त्यांतील वीस प्रयोग एकट्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील होत. या वीस प्रयोगांची अर्थानुसार वाटणी केली असता जे चित्र दिसते ते विचारात टाकणारे आहे. आठ ठिकाणी या क्रियापदाचा अर्थ ‘अमुक हे उपनाव असणे’ असा आहे. पाच ठिकाणी तो ‘प्रभूला हाक घालणे’ असा आहे. सहा ठिकाणी ‘वरिष्ठ न्यायासनाकडे दाद मागणे’ हा अर्थ आहे. उरलेल्या एका ठिकाणी कोणाचे तरी नाव कोणावर तरी ‘पुकारले गेले आहे’ असे शब्दशः म्हणावे लागते. लेखक एक, ग्रंथ एक, क्रियापदही एकच. मराठी अनुवादकाला मात्र ‘म्हटलेला’, ‘धावा करणे’, ‘न्याय मागणे’ अशी निरनिराळी क्रियापदे योजावी लागतात, आणि केवळ मराठी वाचणाऱ्यास या सर्वांच्या मागे एकच शब्द आहे असा संशयदेखील येत नाही.

हे चार अर्थ एका शब्दात केवळ शेजारी म्हणून राहतात, की ती एकाच क्रियेची चार अंगे आहेत, हा येथील प्रश्न आहे. ग्रीक व हिब्रू भाषांच्या अभ्यासकांनी त्याचा विचार केलेला आहेच. तथापि नावासंबंधीचे मराठीतील व्यवहार ध्यानी घेतले तर या प्रश्नाची काही अंगे अधिक स्पष्ट होतात असे दिसते. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर या गावाचे नाव त्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. किंबहुना हे नाव म्हणजे या ग्रीक क्रियापदाचे जिवंत उदाहरणच होय.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘कलेओ’ म्हणजे बोलावणे, हाक मारणे, नाव देणे. ‘एपि’ या उपसर्गाचा मूळ अर्थ ‘वर’ असा असून त्यातूनच ‘वरून आणखी’, ‘शिवाय’ ही छटा येते. तेव्हा असलेल्या नावावर आणखी एक नाव चढविणे हा एक अर्थ, आणि कोणाला तरी आपल्याकडे बोलावून घेणे हा दुसरा, असे दोन्ही अर्थ घडणीतच संभवतात. दुसऱ्या अर्थासाठी ग्रीक भाषा बहुधा मध्यम प्रयोग वापरते. संस्कृताच्या अभ्यासकास हा प्रयोग परका वाटू नये. क्रियेचे फळ कर्त्याकडे येते हे दाखविण्याचे जे काम मूळच्या आत्मनेपदाचे, तेच याचे. ‘एपिकलूमाइ’ म्हणजे ‘मी माझ्यासाठी, माझ्या साहाय्यार्थ बोलावतो’.

या क्रियापदापासून झालेल्या ‘एपिक्लेसिस’ या नामाचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. जुन्या ग्रीक धर्मात एपिक्लेसिस म्हणजे देवतेच्या नावाला जोडलेले विशेषनाम. पाहुण्यांचा रक्षक तो झेउस क्सेनिओस, नगराची रक्षक ती अथेना पोलिआस. पुढे पूर्वेकडील ख्रिस्ती उपासनाविधीत याच शब्दाने भाकर व द्राक्षारस यांवर पवित्र आत्म्याचे जे आवाहन करतात त्याचा बोध होऊ लागला. एकच शब्द एका काळी देवाचे जोडनाव होता आणि दुसऱ्या काळी देवाला घातलेली साद झाला. यात भाषेने मोठी उडी घेतली असे समजण्याचे कारण नाही. देवतेचे जोडनाव हे मुळात तिला हाक मारण्यासाठीच असते; अनेक झेउसांपैकी कोणता हवा हे उपासकाने सांगितल्याशिवाय हाक पोचावी कोठे?

संस्कृतातही हीच जुळणी आढळते. ‘ह्वे’ या धातूपासून ‘आह्वा’ व ‘आह्वय’ हे नामवाचक शब्द झाले. अमरकोशाने नामाच्या पर्यायांत ‘आह्वा’ दिला आहे. त्याच धातूपासून ‘आह्वान’ झाला आणि त्याने देवतेस बोलावणे, शत्रूस युद्धासाठी पुकारणे आणि व्यवहारशास्त्रात प्रतिवादीस न्यायसभेत बोलावणे, असे तिन्ही अर्थ धारण केले. म्हणजे नाव, साद आणि न्यायासन ही त्रयी ग्रीकांचीच मिरास नव्हे. मराठीने मात्र या वारशाची वाटणी करून टाकली. युद्धाचा अर्थ ‘आव्हान’ या वर्णविपर्यय झालेल्या रूपाकडे गेला. देवतेला व लोकांना बोलावण्याचा अर्थ ‘आवाहन’ या शब्दाने घेतला. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत अशी समजूत विद्यार्थ्यांत सार्वत्रिक आहे, ती चुकीची आहे. ‘आवाहन’ हा ‘वह्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेला असून त्याचा अर्थ ‘आणविणे’ असा आहे. पूजेतील पहिला उपचार देवतेला नुसती हाक मारण्याचा नसून तिला आणून बसविण्याचा आहे, हे त्यावरून कळते.

आता पहिल्या गटातील आठ प्रयोगांकडे वळू. त्यांपैकी चार एकाच कथेतील आहेत. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीस दृष्टान्त होतो आणि यापो येथून शिमोनाला बोलावून आण अशी त्यास आज्ञा होते. पण ज्या घरी हा शिमोन उतरला आहे त्या घरच्या कातडी कमावणाऱ्या धन्याचे नावही शिमोनच आहे. एका छपराखाली दोन शिमोन असल्यामुळे निरोप्यांनी दारात उभे राहून नुसते ‘शिमोन’ म्हणून चालत नाही. ‘पेत्र’ हे वरचे नाव सांगावेच लागते. येथे ‘एपि’चे काम निव्वळ वेगळेपण दाखविण्याचे आहे. योहान ज्याला मार्क म्हणतात, योसेफ ज्याला युस्त म्हणतात, हे प्रयोगही त्याच जातीचे. अरबीतून आलेला ‘ऊर्फ’ हा मराठीतील शब्द नेमके हेच काम करतो, आणि अशा ठिकाणी अनुवादकाने त्याचा संकोच करण्याचे कारण नाही.

वऱ्हाडातील गावांची नावे पाहिली तर भूगोलालाही ‘ऊर्फ’ची किती गरज पडते ते दिसून येते. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर रेल्वे, दुसरे चांदूर बाजार. कारंजेही दोन, वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे. मंगरूळ दोन, एक मंगरूळ पीर आणि दुसरे मंगरूळ दस्तगीर. नांदगावांची तर गणतीच नको. नाशिक जिल्ह्यात तालुक्याचे नांदगाव आहे. छत्तीसगडात राजनांदगाव आहे, जेथे जाताना रेल्वेच्या डब्यात नारायण वामन टिळकांच्या हाती एका सहप्रवाशाकडून नवा करार आला. अमरावतीच्या जवळच नांदगाव पेठ आहे. आणि त्याच जिल्ह्यात तालुक्याचे ठाणे असलेले नांदगाव खंडेश्वर आहे.

या जोडनावांची रचना सारखीच आहे. मूळ नाव आधी, उपपद मागून, दोहोंमध्ये विभक्तिप्रत्यय नाही. ‘खंडेश्वराचे नांदगाव’ असे कागदोपत्री म्हणत नाहीत. दोन प्रथमा शेजारी ठेवून देतात आणि प्रत्यय लागायचा तो शेवटी लागतो. ग्रीकमध्येही ‘शिमोन’ आणि ‘पेत्र’ ही दोन्ही नामे काही ठिकाणी अशीच प्रथमेत उभी असतात, फक्त त्यांच्यामध्ये क्रियापद येते. मराठीने ते क्रियापद गाळले एवढाच फरक.

अर्थाच्या दृष्टीने मात्र ही उपपदे सारख्या तोलाची नाहीत. ‘रेल्वे’ हे उपपद मुंबई–नागपूर लोहमार्ग झाल्यानंतरचेच असले पाहिजे, आणि तो मार्ग नागपूरला पोचला १८६७ मध्ये. ते केवळ खूण म्हणून आहे. चांदूर हे रेल्वेच्या मालकीचे किंवा रेल्वेच्या रक्षणाखाली आहे असे ते म्हणत नाही. ‘बाजार’ आणि ‘पेठ’ गावाचा धंदा सांगतात. ‘खंडेश्वर’ आणि ‘दस्तगीर’ यांची गोष्ट वेगळी आहे. नांदगावात खंडेश्वराचे हेमाडपंती बांधणीचे जुने देऊळ आहे आणि गाव त्या देवाच्या नावाने ओळखले जाते. ‘दस्तगीर’ या फारसी शब्दाचा तर अर्थच ‘हात धरणारा’, संकटात साहाय्य करणारा, असा आहे. ज्याला हाक मारायची त्याचेच ते नाव आहे. टपालखात्याच्या दृष्टीने ‘रेल्वे’ आणि ‘खंडेश्वर’ यांत काही भेद नाही, दोन्ही पत्र योग्य गावी पोचविण्यापुरतीच. परंतु ज्या गावाला देवाचे नाव लागले आहे ते गाव त्या देवाच्या छायेत असल्याची भावना लोकव्यवहारात असते, आणि ती भावना नावाच्या रचनेत कोठेही लिहिलेली नसते. रचना एकच असून अर्थभार दोन प्रकारचे, ही अडचण ‘एपिकलेओ’च्या अभ्यासकापुढेही नेमकी अशीच उभी राहते.

ही दुसरी बाजू समजण्यासाठी हिब्रूकडे जावे लागते. जुन्या करारात ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘कारा’ म्हणजे पुकारणे यांच्या दोन निरनिराळ्या रचना आहेत. एक, कोणाच्या नावाने पुकारणे, म्हणजे देवाला हाक घालणे. दुसरी, कोणाचे नाव कशावर तरी पुकारले जाणे. दुसऱ्या रचनेचा अर्थ मालकी. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात याचे फार चांगले उदाहरण आहे. दावीदाचा सेनापती यवाब अम्मोनी लोकांच्या राब्बा नगराला वेढा घालून ते जवळजवळ घेतो आणि मग राजाला निरोप धाडतो की, तुम्ही स्वतः येऊन शेवटचा घाव घाला, नाहीतर नगर मी घेतले असे होईल आणि त्यावर माझे नाव पुकारले जाईल. सेनापतीचा हा धोरणीपणा राजकीय आहे, धार्मिक नाही. आणि म्हणूनच या रचनेचा मूळ अर्थ येथे स्वच्छ दिसतो. ज्याचे नाव पुकारले जाईल त्याचे नगर.

मराठी वाचकाला या रचनेसाठी दूर जावे लागत नाही. घरच्या पितळेच्या भांड्यावर नाव घालतात ते कशासाठी? लग्नाच्या पंगतीत गेलेले पातेले परत ज्याचे त्याला मिळावे यासाठी. सातबाऱ्यावर नाव चढवितात ते जमीन कोणाची हे ठरावे यासाठी. येथे नाव वस्तूवर जाते, हिब्रूप्रमाणेच. गंमत अशी की मराठीत उलट दिशेचाही प्रयोग तितकाच रूढ आहे. ‘शेत त्याच्या नावावर आहे’ असे म्हणताना शेत नावावर बसते, नाव शेतावर नाही.  अर्थ दोहींकडे एकच असल्यामुळे अनुवादकाला येथे सोयीची निवड करता येते, परंतु ‘वर’ हा प्रत्यय सांडू नये, कारण मूळ रचनेचा सारा भार त्याच्यावरच आहे.

राब्बा नगराच्या प्रसंगाला तर मराठीत अगदी नेमका शब्द होता. राज्य बदलले की नव्या राजाची ‘द्वाही’ फिरत असे. दवंडी पिटून त्याचे नाव मुलुखावर पुकारले जाई आणि त्या क्षणापासून मुलूख त्याचा होई. राजाची द्वाही देऊन एखाद्या कामाला मनाई करण्याचीही रीत होती. हा शब्द हिंदीतील ‘दुहाई’चा भाऊ, आणि हिंदीत दुहाई म्हणजे राजाच्या नावाने न्यायासाठी केलेला आक्रोश. एकाच शब्दाने एका भाषेत राजा आपले नाव प्रजेवर घालतो आणि दुसऱ्या भाषेत प्रजा राजाचे नाव घेऊन दाद मागते. ‘एपिकलेओ’ची दोन टोके येथे एका जागी सापडतात.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहुदी अनुवादकांनी हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर हाती घेतले तेव्हा त्यांनी वरील दोन्ही हिब्रू रचनांसाठी बहुधा हेच एक क्रियापद योजिले. देवाला हाक घालण्यासाठी मध्यम प्रयोग, देवाचे नाव एखाद्यावर असण्यासाठी कर्मणी प्रयोग व त्यापुढे पुन्हा ‘एपि’ हे अव्यय. नव्या कराराच्या लेखकांना हा वारसा तयार मिळाला. आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथातील एक वचन यरुशलेमच्या सभेत याकोब उद्धृत करतो, ते या कर्मणी रचनेचेच आहे. ज्या परराष्ट्रीयांवर देवाचे नाव पुकारले गेले आहे तेही आता त्याचेच, असा त्याचा रोख. वीस प्रयोगांतील चौथ्या प्रकारचा म्हणून वर जो एकच प्रयोग सांगितला तो हाच. याकोबाच्या पत्रात हीच रचना पुन्हा भेटते. श्रीमंतांच्या पुढे लवणाऱ्या मंडळीला तेथे विचारले आहे की, ज्यांचे तुम्ही आर्जव करता तेच तुम्हाला न्यायालयात खेचतात ना, आणि तुमच्यावर जे चांगले नाव पुकारले गेले त्याची निंदा करतात ना? ‘तुम्हाला दिलेले नाव’ असे भाषांतर येथे केले तर सारे प्रकरण बारशाच्या पातळीवर येते. नाव दिलेले नाही, घातलेले आहे. आणि ज्याचे नाव घातले त्याची ही माणसे आहेत. श्रीमंताने त्यांना खेचून नेणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे भांडे उचलून नेणे होय. पत्रातील युक्तिवाद या मालकीच्या अर्थावर उभा आहे, आणि तो अर्थ गेला की युक्तिवादाचा तिखटपणाही जातो.

मध्यम प्रयोगाचा विचार आता करता येईल. स्तेफनावर दगडांचा वर्षाव होत असता तो हाक घालतो, तेथे हे क्रियापद आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात योएल संदेष्ट्याच्या वचनाच्या आधारे पौल सांगतो की यहुदी व ग्रीक यांत भेद नाही, प्रभूचे नाव घेऊन हाक घालील तो वाचेल, तेथेही तेच. मराठीत ‘धावा करणे’ हा वाक्प्रचार येथे रूढ झाला आहे. स्तेफनाच्या प्रसंगी तो चपखल बसतो. पण ‘धावा’ शब्दाचे केंद्र धावण्यात आहे. संकटात सापडलेल्याने अशी हाक मारावी की देवाने धावत यावे. ग्रीक शब्दाचे केंद्र नावात आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या नवव्या अध्यायात ‘तुझे नाव घेणारे’ ही एका समाजाची ओळख म्हणून येते. त्यांना बांधून नेण्याचा अधिकार शौलाने मिळविला आहे, असे हनन्या प्रभूला सांगतो. ही माणसे काही सदासर्वदा संकटात धावा करीत बसलेली नाहीत. ते त्या नावाचे लोक आहेत, एवढेच तेथे सांगायचे आहे. अंत्युखियात त्यांना ‘ख्रिस्ती’ म्हणू लागले ते पुढे, अकराव्या अध्यायात, आणि तेथे लेखकाने वेगळेच क्रियापद वापरले आहे. बाहेरच्यांनी ठेवलेले नाव आणि आपण घेतलेले नाव यांतला फरक लूकाला ठाऊक होता असे मानण्यास हे एक कारण आहे.

‘नाव घेणे’ हा मराठी वाक्प्रचार म्हणून या जागी अधिक जवळचा. वारकऱ्यांच्या नामस्मरणाशी त्याची गल्लत मात्र होऊ नये. नामस्मरणात आवृत्ती मुख्य आहे; ‘एपिकलूमाइ’मध्ये आवृत्तीचा अंशही नाही, एकदा मारलेली हाक पुरे. येथे मराठीच्या घरगुती रीतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. जुन्या चालीप्रमाणे विवाहित स्त्री पतीचे नाव ‘लावते’, पण ते ‘घेत’ नाही; घेतलेच तर उखाण्यात, प्रसंगाने आणि आग्रहाने. नाव लावणे म्हणजे त्या नावाखाली असणे, नाव घेणे म्हणजे ते उच्चारणे, असा हा काटेकोर भेद आहे आणि मराठीने त्यासाठी दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत. यशयाच्या ग्रंथातही सात स्त्रिया एका पुरुषाला विनवितात की आमचे अन्नवस्त्र आम्ही पाहू, फक्त तुझे नाव आमच्यावर असू दे. म्हणजे नाव लावू दे. ‘एपिकलेओ’चे वैशिष्ट्य असे की ज्यांना नाव लागले आहे त्यांनीच ते घ्यायचे, आणि दोन्ही क्रिया एकाच शब्दाने सांगायच्या. मराठी घराने जे वेगळे ठेवले ते त्या मंडळीने एकत्र आणले.

उरला न्यायालयाचा अर्थ. रोमी सुभेदार फेस्त हा पौलाला यरुशलेमास न्यायासाठी नेऊ पाहतो तेव्हा पौल कैसराचे नाव घेतो, आणि त्याबरोबर सुभेदाराचे हात बांधले जातात. हा अर्थ ख्रिस्ती लेखकांनी निर्माण केलेला नाही. रोममधील लोकाधिकाऱ्यांकडे दाद मागण्याविषयी लिहिताना प्लुतार्कही हेच क्रियापद वापरतो. मराठीत आज ‘अपील’ हा शब्द सर्वत्र चालतो, पण त्यात नाव घेण्याची क्रिया उरलेली नाही. वकील अर्ज दाखल करतो. पौलाच्या तोंडी तो उच्चार हीच कृती होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल देवाला साक्षी म्हणून बोलावतो, तेथेही हेच क्रियापद न्यायालयाच्या परिसरातून आले आहे.

नवव्या अध्यायात प्रभूचे नाव घेणाऱ्यांना बांधणारा आणि पंचविसाव्या अध्यायात कैसराचे नाव घेणारा मनुष्य एकच आहे, ही गोष्ट व्याख्यानात सांगण्यास फार मोहक आहे. परंतु येथेच सावध राहणे इष्ट. जेम्स बार याने १९६१ मध्ये ‘बायबलच्या भाषेचा अर्थविचार’ या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात असा इशारा दिला की, शब्दाच्या सर्व अर्थांची मोळी बांधून ती प्रत्येक प्रयोगावर लादणे हा शास्त्राचा भंग आहे. त्या इशाऱ्यामागे मोठा अनुभव होता. धातूवरून तत्त्वज्ञान उभारण्याची हौस त्या काळी बायबलच्या कोशांतून फोफावली होती, आणि आपल्याकडील व्युत्पत्तिप्रेमी लेखकांसही ती अपरिचित नाही. यापोच्या दारात विचारलेल्या ‘शिमोन ऊर्फ पेत्र’मध्ये देवाची मालकी शोधणे म्हणजे चांदूर रेल्वेत रेल्वेची भक्ती शोधण्यासारखे आहे. अर्थांचे ऐक्य शब्दात नसून रचनांच्या परस्परसंबंधात आहे, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे रचनाच सांगते. कर्ता माणूस असून त्यापुढे दुसरे नाम प्रथमेत आले तर ते उपनाव. कर्ता ‘नाव’ हाच शब्द असून पुढे ‘एपि’ आला तर मालकी. मध्यम प्रयोग असून कर्म देव अथवा त्याचे नाव असेल तर प्रार्थना, आणि अधिकारी असेल तर दाद.

रचना मुकी राहते अशी स्थळे थोडी, पण तीच खरी कसोटीची. ग्रीकमध्ये वर्तमानकाळी मध्यम व कर्मणी प्रयोगांची रूपे एकच असतात. उत्पत्तीच्या ग्रंथात शेथाचा पुत्र अनोश याच्याविषयी ग्रीक भाषांतरात ‘एपिकलेइस्थाइ’ हे रूप आले आहे. अनोशाने प्रभूचे नाव घेऊ लागण्याची आशा धरली, की प्रभूच्या नावाने ओळखले जाण्याची, हे त्या रूपावरून ठरत नाही, आणि दोन्ही अर्थ लावणारे वाचक जुन्या काळापासून आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर दिशाच उलटते. देवाला त्यांचा देव म्हणवून घेण्याची लाज वाटत नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे येथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची नावे देवाला लागतात. आपल्याकडील शिवालयांच्या नावांत हा प्रकार नवा नाही. राजराज चोळाने तंजावरास १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या मंदिरातील देव ‘राजराजेश्वर’ झाला. भक्ताचे नाव देवावर चढले. नांदगावात देवाचे नाव गावाला लागले, तंजावरात राजाचे देवाला.

वऱ्हाडच्या धर्मेतिहासातही नाव लागण्याचे मोठे प्रसंग आहेत. महानुभाव परंपरेप्रमाणे हरपाळदेवांस ‘चक्रधर’ हे नाव ऋद्धपूर येथे गोविंदप्रभूंनी दिले. प्रेषितांनी योसेफाला ‘बर्णबा’ म्हटले त्याच जातीची ही घटना, पण तिने पंथ निर्माण केला. संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळीचा. ज्ञानेश्वरांनी त्यांना १९०१ मध्ये स्वतःच्या नावाचाच मंत्र दिला असे त्यांची परंपरा सांगते, आणि ते स्वतःला ‘ज्ञानेश्वरकन्या’ म्हणवीत. जे नाव जपासाठी घ्यायचे तेच ओळख म्हणून लावायचे, हा ‘एपिकलेओ’चा दुहेरी अर्थ येथे कोणत्याही ग्रीक संस्काराविना सिद्ध झाला आहे. मराठी बायबलच्या अनुवादकांना अशी उदाहरणे जवळ असती तर त्यांनी वेगळे शब्द निवडले असते काय, हा प्रश्न निरर्थक नाही. सेरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत छापून काढणाऱ्या विल्यम कॅरीपासून, हिब्रू व ग्रीक शिकून मुळावरून भाषांतर करणाऱ्या आणि ज्यांचे बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले त्या पंडिता रमाबाईंपर्यंत, प्रत्येकाला हिंदू उपासनेचा शब्द किती घ्यावा हे ठरवावे लागले. ‘नाव’ हा शब्द त्या वादापलीकडचा आहे. तो शेतात, स्वयंपाकघरात, न्यायालयात आणि देवळात सारखाच चालतो.

म्हणून शक्य तेथे ‘नाव’ हा धागा अनुवादात तुटू न देणे श्रेयस्कर दिसते : ‘पेत्र हे नाव लावणारा शिमोन’, ‘प्रभूचे नाव घेणारे’, ‘ज्यांच्यावर त्याचे नाव आहे ते’. पेत्राच्या पहिल्या पत्रात, निःपक्षपाती न्याय करणाऱ्याला तुम्ही पिता म्हणून हाक घालता, असे जे म्हटले आहे तेथे नाव देणे आणि साद घालणे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी संभवतात. ‘पिता या नावाने हाक मारता’ असे म्हटले की दोन्ही राखता येतात. कैसराच्या प्रसंगी मात्र हा धागा टिकत नाही. ‘कैसराच्या नावाने’ म्हटल्यास अर्थ बिघडतो, आणि ‘द्वाही’ आजच्या वाचकाला कळणार नाही. तेथे ‘दाद मागतो’ ठेवून टीप द्यावी, हे बरे.